व्हेगस चेता आणि जठराचा रक्तप्रवाह : वाचकांचे प्रश्न

व्हेगस चेता (मेंदूपासून जठरापर्यंत जाणारा मज्जातंतू) कापली की जठराचे रक्त तुटते, ही समजूत पत्रांतून वारंवार डोकावत असल्यामुळे काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : चेता कापल्यावर प्राण्याच्या जठराचा रक्तपुरवठा बंद होतो का?
उत्तर : नाही, रक्त धमन्यांतून येते.

प्रश्न : मग कुत्र्यांवरील प्रयोगांत व्हेगस कापल्यावर रक्तप्रवाह घटला, असे का सांगतात?
उत्तर : तो घटतो, पण ‘घटला’ एवढ्यावर थांबणे मला फार धोक्याचे वाटते. व्हेगस ही आम्लस्राव सुरू करणारी चेता आहे, आणि स्रवणाऱ्या अस्तराला अधिक रक्त लागते. त्यामुळे चेता कापल्यावर स्राव मंदावतो आणि रक्ताची गरजही कमी होते. म्हणजे प्रवाहातील घट बऱ्याच अंशी काम कमी झाल्याची खूण असते, उपासमारीची नव्हे. त्यात मोजमापाचा पेच आहे. अमायनोपायरीन हे द्रव्य रक्तातून आम्लयुक्त जठररसात उतरून तेथे अडकते, आणि त्यावरून अस्तराच्या प्रवाहाचा अंदाज बांधला जात असे. परंतु आम्लच आटले, तर ही पद्धत नेमकी त्याच वेळी डळमळते. ऊतकात अडकणारे किरणोत्सारी सूक्ष्मगोल वापरणारी पद्धत आम्लावर अवलंबून नसते. म्हणून कोणताही आकडा उद्धृत करण्यापूर्वी प्राणी भुलीखाली होता की जागा, चेता कापून किती काळ लोटला होता आणि स्राव सोबत मोजला होता का, हे मूळ निबंधात पाहावे, आणि अर्थ लावताना शरीरक्रियातज्ज्ञाला विचारावे. ऐकीव सारांशावर विसंबू नये.

प्रश्न : अनुकंपी (सिंपथेटिक) चेता कापल्यास काय होते?
उत्तर : या चेता रक्तवाहिन्यांना आकुंचित करतात, त्यामुळे चेता कापून रक्तवाहिन्यांवरील हा ताण सुटल्यावर प्रवाह वाढू शकतो.

प्रश्न : वडिलांची जठरव्रणासाठी (अल्सर) व्हेगस कापलेली आहे. व्हेगसची कानातील शाखा चेतवण्यासाठी कानाला लावायचे यंत्र जठराचा रक्तप्रवाह पूर्ववत करते, अशी जाहिरात पाहिली. त्यांना गेला आठवडाभर काळे शौच होत आहे.
उत्तर : जठराकडे जाणारी चेता कापलेली असताना कानावरील यंत्र तिच्यामार्फत तेथे काय पोहोचवणार, हे विक्रेत्याने आधी सांगावे. पण यंत्राचा विचार आत्ता बाजूला ठेवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, परंतु डांबरासारखे काळे, चिकट शौच जठरातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते, आणि यांतले काय आहे हे घरी ठरवता येत नाही. आठवडा आधीच वाया गेला आहे. त्यांना आजच रुग्णालयात न्या, आणि जुन्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत ठेवा.