बाप्पाच्या गेटवर फोटो कुणाचा?

प्रश्न: ताई नमस्कार, मी दांडिया बाजारात राहतो. आमच्या गणपती मंडळाला यंदा एक बिल्डर मोठी रक्कम द्यायला तयार आहे, पण गेटवर त्याच्या स्कीमचा बोर्ड आणि शेजारी एका नेत्याचा फोटो लावायचा अशी अट आहे. पोरं म्हणतात घेऊन टाका, लायटिंगचा सगळा खर्च निघतोय. आम्ही जुनी मंडळी म्हणतो देवाच्या कामात धंदा आणि राजकारण नको, पूर्वी असं नव्हतं. काय करावं?
– एक वाचक, बडोदा

उत्तर: काका, माझंही मत नकोच आहे, पण ‘पूर्वी असं नव्हतं’ हे मात्र मीटिंगमध्ये बोलू नका, पोरं तिथेच पकडतील. टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक गणपतीला जोर लावला तो लोकांना एकत्र आणायलाच, म्हणजे राजकारण मांडवात तेव्हापासून आहे. आणि धंद्याचं म्हणाल तर आपल्या सयाजीरावांनी ज्यांच्याकडून पुराणातली चित्रं काढून घेतली त्या राजा रविवर्म्यांनी १८९४ ला मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी विकत मिळायला लागल्या. मला तर ते चांगलंच झालं असं वाटतं, ज्यांना देवळात पाऊल ठेवू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देव आला.

पुढचं तर आपल्या बडोद्यातच घडलंय. १९८७-८८ ला दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायचं, लोक टीव्हीला हार घालायचे, जाहिराती भरपूर, सरकार तेव्हा काँग्रेसचं. १९९० ला अडवाणींची सोमनाथहून रथयात्रा निघाली, रथ म्हणजे सजवलेली टोयोटा गाडी, आणि १९९१ ला मालिकेतली सीता, दीपिका चिखलिया, भाजपच्या तिकिटावर बडोद्यातूनच खासदार झाली, रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. म्हणजे मालिका आणली एकाच्या राज्यात आणि मतं गेली दुसऱ्याला, भक्ती कुणी कुठे वळवेल सांगता येत नाही, म्हणून तर प्रत्येक पक्षाला मांडवात जागा हवी असते.

तेव्हा देव, धंदा आणि राजकारण हे तिन्ही वेगळे होते कधी, हा वाद सोडा. पोरांना एवढंच विचारा की मंडळ उद्या कुणाचं ऐकणार? घराघरातून वर्गणी येते तोवर मंडळाला सगळ्या गल्लीला हिशोब द्यावा लागतो, कमी देणारी आजीसुद्धा स्पीकर बंद करा म्हणून हक्काने ओरडू शकते. एकाच्याच चेकवर उत्सव झाला की आजीचं कोण ऐकणार, आणि ज्या घराला तो नेता पटत नाही किंवा ज्यांचा धर्मच वेगळा आहे आणि तरी वर्षानुवर्षं वर्गणी देतात, त्यांनी त्या फोटोखालून आत यायचं कसं? मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

बिल्डरला सरळ सांगा, पैसे द्या, पावती घ्या, देणगीदारांच्या फळ्यावर सगळ्यांसारखंच त्याच अक्षरात नाव येईल, फोटो कुणाचाच नाही, कुठल्याच पक्षाचा नाही. नाही म्हणाला तर लायटिंग कमी करा. आणि हा ठराव वहीत लिहून सह्या घ्या, पुढच्या वर्षी इलेक्शन असेल तर दुसरा कुणीतरी जास्त रक्कम घेऊन येईलच.