जपता जपता त्यांना अंथरुणाला खिळवू नका

प्रश्न : माझ्या नवऱ्याला फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार आहे. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागून आठ महिने झाले, घरी ऑक्सिजन चालू असतो. दम लागू नये म्हणून मी त्यांना उठूच देत नाही, पाणीसुद्धा हातात देते. तरी ते वाळत चाललेत, माझ्यावरच चिडतात. मागे रात्री हॉस्पिटलचा फोन आला, धावत गेलो, पहाटे परत पाठवलं. तेव्हापासून ते गप्पच आहेत. मी कुठे कमी पडते?

उत्तर : ताई, कमी कसल्या पडताय, जरा जास्तच करताय.

चालताना दम लागला म्हणजे फुप्फुसं आणखी बिघडली, असं नसतं. पडून राहिलं की मांड्या-पोटऱ्यांची ताकद जाते, मग चार पावलांतच धाप लागते आणि माणूस आणखी पडून राहतो. ऑपरेशननंतर उठून बसायला, खोकून कफ काढायला हीच ताकद लागते. फार अशक्त झालेल्या पेशंटचं नाव यादीतून तात्पुरतं बाजूलाही ठेवतात. सहा मिनिटांत किती चालता येतं हे डॉक्टर उगाच मोजत नाहीत. प्रत्यारोपणाच्या टीमला पल्मनरी रिहॅबबद्दल, म्हणजे फुप्फुसांच्या पेशंटसाठी देखरेखीखाली करायच्या व्यायामाबद्दल विचारा. चालताना ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा, ऑक्सिमीटरचा आकडा कितीच्या खाली गेला की थांबायचं, हे लिहूनच घ्या. वजन उतरतंय हेही आवर्जून सांगा. पोट गच्च भरलं की श्वास कोंडतो, म्हणून थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खायला द्या. पाणी मात्र त्यांचं त्यांना घेऊ द्या. ज्याच्या हातून ग्लाससुद्धा काढून घेतला तो चिडणारच की!

आता त्या फोनचं. दात्याची फुप्फुसं शरीराबाहेर फार तास टिकत नाहीत, म्हणून पेशंटला आधीच बोलावतात. शेवटच्या तपासणीत ती योग्य नाहीत असं ठरलं की परत पाठवतात. असं अनेकांच्या बाबतीत घडतं. त्याने यादीतला नंबर जात नाही. हे त्यांना कोणी नीट सांगितलंय का? आणखीही एक शल्य असू शकतं, आपण कुणाच्या तरी मरणाची वाट पाहतोय, हे. विषय तुम्हीच काढा. दात्याचा मृत्यू यांच्यामुळे होत नसतो, हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. तेवढ्याने भागलं नाही तर टीमच्या समुपदेशकाला गाठा. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार, म्हटलं की शेवट आला असं वाटून लोक दचकतात, पण धाप आणि धास्ती कमी करायला ते डॉक्टर प्रतीक्षेच्या काळातही मदत करतात.

आणि फ्लूची लस फक्त त्यांनीच नव्हे, तुम्हीही घ्या.