गडावर बैठक, पण विषयपत्रिका कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न : कामाच्या ठिकाणचे

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या चाचणी विभागात काम करते. आमच्या गटाचे नवे व्यवस्थापक उत्साही आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायचा आणि वर पोहोचल्यावर महिन्याच्या कामाची बैठक घ्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. शनिवार आमच्या सुट्टीचा असतो. एका सहकाऱ्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, एका सहकारिणीचे मूल दोन वर्षांचे आहे. येणे ऐच्छिक आहे असे सांगितले जाते. पण जे येत नाहीत त्यांना ‘टीममध्ये रस नाही’ असे नंतर ऐकावे लागते. याला विरोध करावा का, आणि कसा करावा?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : आपल्या व्यवस्थापकांनी दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, आणि आपला विरोध त्या गाठीला असावा, सिंहगडाला नव्हे. सहकाऱ्यांनी मिळून गड चढणे ही चांगलीच गोष्ट आहे. ज्याला यायचे तो येईल, ज्याला नाही तो घरी झोपेल, आणि सोमवारी दोघेही एकाच टेबलावर चहा पितील. परंतु पुढील महिन्यात कोणते काम कोणाकडे जाणार, कोणत्या मुदती पुढे ढकलायच्या आणि कोणाच्या कामाची कोणत्या शब्दांत दखल घ्यायची, हे जर वरच्या टपरीपाशी ठरत असेल, तर ती सहल राहत नाही आणि येणे ऐच्छिकही राहत नाही. ऐच्छिकतेची माझी कसोटी साधी आहे : न आलेल्या माणसाचे काही नुकसान होते का? होत असेल, तर निमंत्रणात कोणताही शब्द लिहिला तरी तो हुकूमच आहे.

शिवाय बैठक म्हणूनही ही कल्पना फारशी चालणारी नाही. शनिवार-रविवारचा सिंहगड ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावे लागू नये. पायवाटेने रांग लागलेली, घाटरस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या, वर पुणे दरवाज्यापासून टपऱ्यांपर्यंत गर्दी. धापा टाकत पोहोचलेला माणूस आधी पाणी मागतो, मग कांदाभजी, मग पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही. तेवढ्यात ऊन चढते, लॅपटॉपच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही आणि कागद वाऱ्यावर जातात. अशा वेळी ‘प्रलंबित त्रुटींचा आढावा’ हा विषय कोणी काढलाच, तर त्याच्यावर तीन मिनिटे माना डोलावल्या जातात आणि पुढच्या आठवड्यात कचेरीत तीच चर्चा पुन्हा होते. (सह्याद्रीतल्या कातळकड्यांवर आग्या मोहळेही असतात, भपकेबाज अत्तर लावून येणाऱ्यांनी आणि धूर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.)

कायद्याची बाजूही आहे, आणि ती आपल्या व्यवस्थापकांपेक्षा मनुष्यबळ विभागाला लवकर पटेल. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ ही संज्ञा कचेरीच्या चार भिंतींपुरती नाही. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागा, आणि मालकाने पुरवलेले वाहनसुद्धा, तिच्यात येते. म्हणजे गडावरची बैठक आणि तिथवर नेणारी कंपनीची गाडी या दोन्ही ठिकाणी कंपनीची जबाबदारी तशीच राहते. अपघाताच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला, तर इजा नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाली का, हे पाहिले जाते. बैठकीचे रीतसर निमंत्रण पाठवून लोकांना डोंगरावर नेणाऱ्या कंपनीला ‘ती तर हौस होती’ असे म्हणणे जड जाईल. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करून घेतले तर तो कामाचा दिवस म्हणून मोजायला हवा, हे तर वेगळे सांगायला नको.

विरोध कसा करावा, याविषयी माझा सल्ला असा की आपण एकटीने जाऊ नये आणि तक्रार म्हणून जाऊ नये. दोघा-तिघांनी मिळून चार ओळींचे पत्र द्यावे : गडाची सहल जरूर ठेवावी, पण तिथे कामाचा कोणताही निर्णय होऊ नये, मासिक बैठक कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत व्हावी, विषयपत्रिका दोन दिवस आधी मिळावी. गुडघ्याची आणि लहान मुलाची उदाहरणे पत्रात नावानिशी घालू नयेत. त्या दोघांना सगळ्यांसमोर सवलत मागणारे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. सोबत पर्यायही सुचवावा, कारण व्यवस्थापकांची खरी इच्छा बहुधा एवढीच आहे की माणसे त्या काचेच्या खोलीतून बाहेर यावीत. एम्प्रेस गार्डनमध्ये आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जुन्या झाडांखाली निवांत बसता येते, आणि तिथे पोहोचायला गड चढावा लागत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलांचा पर्याय मात्र मी सुचवणार नाही. पुण्यात शेजारच्या टेबलावर आपल्याच ग्राहक-कंपनीचा माणूस डोसा खात बसलेला असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून बरीच अधिक आहे, आणि ग्राहकाच्या प्रणालीतील दोष मोठ्याने वाचून दाखवण्याची ती जागा नव्हे.

प्रश्न : आमचा लहानसा गट कांदा व्यापाऱ्यांसाठी खरेदीच्या नोंदी ठेवणारे ॲप तयार करतो. गेले काही महिने बैठकांत तेच ते बोलले जाते, नवे काही सुचत नाही. सर्वांना दोन दिवस गोव्याच्या रिसॉर्टवर नेऊन तिथे बैठक घ्यावी, असे माझ्या मनात आहे. उपयोग होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सहकारी थकले असतील तर त्यांना गोव्याला जरूर न्या, पण त्याला सुट्टी म्हणा आणि तिथे प्रोजेक्टर लावू नका. नवे सुचण्यासाठी मात्र आपल्याला इतके दूर जाण्याची गरज नाही. आपल्यापासून दीड-दोन तासांवर लासलगाव आहे.

ॲप ज्यांच्यासाठी आहे ती माणसे तिथे रोज काम करताना दिसतात. बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, कोणीतरी मूठभर कांदे हातात घेऊन फिरवून पाहतो, क्विंटलचा भाव पुकारला जातो आणि काही क्षणांत पुढच्या ट्रॉलीची पाळी येते. भाव लिहिलेली पावती शेतकऱ्याच्या हातात पडते. मग ट्रॅक्टर भुईकाट्यावर वजनाला जातो आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होतो. खाली करताना आतला माल वरच्यासारखा निघाला नाही, की भावावरून पुन्हा बोलाचाली होते. आता आपल्या ॲपमध्ये पाहा : लिलावाचा भाव आणि खळ्यावर अखेर ठरलेला भाव यांच्यासाठी दोन रकाने आहेत की एकच? धुळीने माखलेल्या अंगठ्याने, उन्हात, धक्काबुक्कीत उभे राहून ती नोंद किती वेळात होते? कचेरीत वर्षभर चर्चा करूनही हे प्रश्न सुचणार नाहीत, आणि तिथे अर्ध्या तासात सुचतील. लिलाव चालू असताना कोणाच्या वाटेत येऊ नये. समितीच्या कार्यालयाला आधी कळवावे, पाहून घ्यावे, आणि लिलाव संपल्यावर एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावरच बैठक मांडावी. त्या व्यापाऱ्यालाही तीत बसवावे, आणि त्याने बोलायला सुरुवात केल्यावर निदान पंधरा मिनिटे आपल्यापैकी कोणीही मध्ये बोलू नये.

चालता चालता बैठक घेण्याविषयीही आजकाल बरेच बोलले जाते. त्यामागे आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के अधिक सुचल्या; ट्रेडमिलवर, कोऱ्या भिंतीसमोर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, म्हणजे ती करामत निसर्गरम्य जागेची नव्हती, पायांची होती. मात्र ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते तिथे चालण्याचा असा लाभ दिसला नाही. म्हणून दोघा-दोघांच्या जोड्या करून गोदाकाठी फिरायला पाठवा, आणि निवड व हिशेब करायला परत टेबलाशी बसा. आठ माणसे एकत्र चालली तर ती बैठक नसते, मिरवणूक असते. मागच्यांना पुढचे काही ऐकू येत नाही.

विलक्षण जागेचे सर्वांत गाजलेले उदाहरण मालदीवचे. १७ ऑक्टोबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पाणबुड्यांचा पोशाख चढवून मंत्रिमंडळाची बैठक समुद्रतळाशी घेतली. तिथे बोलणे शक्य नव्हते. हाताच्या खुणा आणि पाटीवर लिहिलेले शब्द यांवर काम चालले, आणि कर्बवायूंचे उत्सर्जन कमी करण्याचे आवाहन करणाऱ्या पत्रकावर सह्या झाल्या. खोल चर्चा तिथे झाली नाही आणि ती अपेक्षितही नव्हती, कारण समुद्राची पातळी वाढली तर या देशाचे काय होईल, हे जगाला दाखवायचे होते आणि ते त्या जागेनेच दाखवले. आपल्याला जगाला काही दाखवायचे नाही. आपल्याला दुसऱ्या रकान्याचा प्रश्न सोडवायचा आहे.

प्रश्न : आमच्या कौटुंबिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरात आहे. यंदाची वार्षिक सर्वसाधारण सभा महाबळेश्वरला घेता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कंपनी कायदा, २०१३च्या कलम ९६प्रमाणे ही सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते ज्या शहरात वा गावात आहे त्याच्या हद्दीत, सकाळी नऊ ते सायंकाळी सहाच्या दरम्यान, राष्ट्रीय सुट्टीचा दिवस टाळून घ्यावी लागते. तुमच्यासारख्या शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला भारतात इतरत्रही ती घेता येते, मात्र सर्व सभासदांनी आगाऊ, लेखी किंवा ईमेलने, संमती दिलेली असली पाहिजे. इथे ‘सर्व’ याचा अर्थ बहुमत नव्हे. परदेशात असलेल्या चुलतभावाच्या नावे एक शेअर असेल, तर त्याचीही संमती हवी, आणि ती महाबळेश्वरच्या खोल्या आरक्षित करण्यापूर्वी हाती असलेली बरी. संचालक मंडळाच्या बैठकीला जागेचे असे बंधन नाही. तिची नोटीस निदान सात दिवस आधी द्यावी म्हणजे झाले.