‘पश्चिम किनारा’ नकाशात पूर्वेला कसा?

एका आईने विचारलंय: “इस्रायल-पॅलेस्टाईनच्या बातम्यांत ‘पश्चिम किनारा’ सतत येतो. सातवीतल्या लेकीला नकाशात दाखवायला बसले, तर तिने सरळ समुद्राच्या काठावर बोट ठेवलं. तिथे गाझा निघालं. पश्चिम किनारा सापडला तो इस्रायलच्या पूर्वेला, आणि त्याला समुद्र कुठेच नाही. मग हा पश्चिम कसा आणि किनारा कसला? शिवाय तिथल्या ‘वसाहती’ म्हणजे आपल्या शिक्षक कॉलनीसारख्याच असतील, तर त्यांवरून एवढं भांडण कशासाठी?”

लेकीचं बोट चुकलेलं नाही. ‘पश्चिम किनारपट्टीवर मुसळधार’ हा हवामान खात्याचा इशारा दर पावसाळ्यात ऐकणारी मुलगी या दोन शब्दांवरून समुद्रच शोधणार. आपल्याला पश्चिम किनारा म्हणजे कोकण, गोवा, मलबार. इंग्रजीत समुद्राच्या किनाऱ्याला ‘कोस्ट’ आणि नदीच्या काठाला ‘बँक’ असे वेगळे शब्द आहेत. मराठीत ‘किनारा’ दोन्हीकडे चालतो, ‘नदीकिनारी’ आपण म्हणतोच. त्यामुळे ‘वेस्ट बँक’चा ‘पश्चिम किनारा’ करणाऱ्याने शब्द चुकीचा निवडला असं नाही. त्याने नदी गाळली, आणि नदी गेल्यावर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

ती नदी जॉर्डन. गालिलीच्या सरोवरातून निघून ती दक्षिणेला मृत समुद्रात उतरते (नावात समुद्र असला तरी ते खारं सरोवर आहे). उतरते हे शब्दशः खरं आहे: मृत समुद्राची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली आहे, आणि तिचं ‘यार्देन’ हे हिब्रू नाव ‘उतरणे’ या धातूवरून आल्याचं मानतात. या नदीच्या पश्चिमेचा मुलूख तो ‘वेस्ट बँक’.

पण आता तो मुलूख नीट बघा. उत्तर-दक्षिण सुमारे १३० किलोमीटर, क्षेत्रफळ गोव्याच्या दीडपट. नाब्लुस, रामल्ला, बेथलेहेम, हेब्रोन ही त्यातली मोठी गावं डोंगरावर वसलेली, नदीपासून लांब. तिथला माणूस स्वतःला नदीकाठचा म्हणवून घेईल असं तिथे काहीच नाही. साताऱ्याला समुद्रकाठचं गाव म्हणावं तसं हे झालं. मग या डोंगराळ मुलखाला ‘काठ’ कोण म्हणेल? ज्याचं राज्य नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलंय तो. नदी मधोमध धरून बघणाऱ्याला दोन काठ दिसतात: एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा.

आणि हे नाव तसंच आलं. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाईनची ज्यू आणि अरब अशा दोन राज्यांत फाळणी करण्याचा ठराव केला (भारताने त्याच्या विरोधात मत दिलं होतं). त्या ठरावात ‘वेस्ट बँक’ कुठेही नाही. सीमा सांगताना तिथे ‘समरिया आणि ज्युदियाचा डोंगराळ प्रदेश’ असे शब्द आहेत. ज्यू नेतृत्वाने ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला. त्यांचं म्हणणं असं, की देशात बहुसंख्य आम्ही आणि अर्ध्याहून अधिक जमीन दुसऱ्यांच्या राज्याला, हे आम्ही का मानायचं? १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब देशांची सैन्यं आत आली. युद्ध थांबलं तेव्हा हा डोंगराळ मुलूख आणि पूर्व जेरुसलेम नदीपलीकडच्या ट्रान्सजॉर्डनच्या (आजच्या जॉर्डनच्या) हातात होतं, आणि एप्रिल १९५० मध्ये त्याने तो भाग आपल्या राज्याला जोडून घेतला. तेव्हापासून राज्याचे दोन काठ झाले. अरबीत ‘अद्-दिफ्फा अल्-गरबिय्या’, म्हणजे पश्चिम तीर. यातला ‘गरबी’ आणि मगरिबच्या नमाजातला ‘मगरिब’ एकाच धातूचे, सूर्य मावळण्याच्या.

इथे मराठीचे दोन जुने शब्द फार कामाला येतात: ऐल आणि पैल. ‘पैलतीर’ म्हटलं की बोलणारा कुठे उभा आहे ते आपोआप कळतं. आता ‘ट्रान्सजॉर्डन’ हे नाव बघा. लॅटिनमधलं ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडचं, पैल. नदीच्या पूर्वेच्या देशाला ‘पैलजॉर्डन’ कोण म्हणेल? जो पश्चिमेला, जेरुसलेमच्या बाजूला उभा आहे तो. ते नाव ब्रिटिशांच्या काळात रूढ झालं. मग ऐलतीरही त्याच राज्यात आला, तेव्हा ‘पैल’ म्हणण्यात अर्थ राहिला नाही, आणि देशाचं नाव नुसतं ‘जॉर्डन’ झालं. आता मौज अशी, की फ्रेंचमध्ये याच पश्चिम तीराला ‘सिसजोर्दानी’ म्हणतात. इटालियन आणि स्पॅनिशमध्येही तसंच. ‘सिस’ म्हणजे अलीकडचं, ऐल. (बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्यांना सिस-ट्रान्स आठवेल, तेच हे.) म्हणजे एकच जमीन पॅरिसच्या वर्तमानपत्रात ऐलतीर असते आणि लंडनच्या वर्तमानपत्रात नदीचा पश्चिम काठ.

तिसरं नाव इस्रायलमधलं. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने हा मुलूख जॉर्डनकडून घेतला, गाझा आणि सिनाई इजिप्तकडून, गोलन सीरियाकडून. त्याच डिसेंबरात लष्करी प्रशासनाने या भागाला ‘येहुदा आणि शोमरोन’ म्हणायला सुरुवात केली, आणि १९७७ ला मेनाहेम बेगिन पंतप्रधान झाल्यावर सरकारी बोलण्यात ते पक्कं बसलं. ही जुनी, बायबलमधली नावं; वर ठरावात आलेले ज्युदिया आणि समरिया ते हेच. ‘यहुदी’ हा शब्द या ‘येहुदा’वरूनच आला आणि ग्रीक-लॅटिनमधून फिरत ‘ज्यू’देखील. ज्या लोकांचं नावच येहुदावरून पडलं त्यांना येहुदात उपरे कसं म्हणता, हा त्या नावाच्या पोटातला दावा. तो पोकळ नाही. आणि ज्याच्या घराण्याने त्याच डोंगरउतारावर पिढ्यान्पिढ्या ऑलिव्हची झाडं जपली, त्या अरब शेतकऱ्याचा दावाही पोकळ नाही. त्याला दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचं नाव सांगून त्याचं शेत त्याचं नाही असं म्हणता येत नाही. भांडणाचं मूळ मला इथे दिसतं: दोन्ही बाजू एकाच जमिनीला आपलं घर म्हणतात, आणि दोघांकडे तसं म्हणायला कारण आहे.

हेब्रोनचं उदाहरण मला कायम अस्वस्थ करतं. अब्राहम, म्हणजे मुसलमानांचे इब्राहिम, यांची कबर तिथे आहे असं दोन्ही धर्म मानतात. हिब्रू नाव ‘हेव्रोन’ ज्या धातूशी जोडतात त्यातूनच ‘हावेर’, मित्र, हा शब्द येतो. अरबी नाव ‘अल्-खलील’, म्हणजेही मित्र, देवाचा मित्र इब्राहिम. गाव एक, नावं दोन, आणि दोन्हींत मैत्री. त्याच गावात १९२९ मध्ये ६७ ज्यूंची कत्तल झाली, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या कबरीच्याच वास्तूत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना एका ज्यू वसाहतकाराने गोळ्या घातल्या.

आता ‘वसाहत’. मराठीत हा शब्द दोन टोकांना ताणलेला आहे. औद्योगिक वसाहत, कामगार वसाहत, पोलीस वसाहत यांत कुणाच्या मनात काही वावगं येत नाही. पण ‘वसाहतवाद’ म्हटलं की इंग्रज समोर उभे राहतात. ‘इस्रायली वसाहती’ वाचताना वाचक यातला कुठला अर्थ घेतो ते त्याच्या मतावर ठरतं, आणि म्हणून प्रश्नातल्या ताईंना शिक्षक कॉलनी आठवली यात काही गैर नाही. दिसायला त्या कॉलन्याच आहेत: लाल कौलांची घरं, शाळा, बसथांबा. मुद्दा त्या कुठल्या जमिनीवर आहेत हा आहे.

हिब्रूत यासाठी वेगळा शब्द आहे, ‘हितनहलुत’. तो ‘नहला’वरून आला, आणि नहला म्हणजे वाडवडिलांकडून हक्काने मिळालेली जमीन. याला मराठीत नेमका शब्द आहे: वतन. आपली देशमुखी-पाटीलकीची वतनं आठवा. वतनासाठी आपल्याकडे भाऊ भावाशी पिढ्यान्पिढ्या भांडलेत, त्यामुळे त्या शब्दाचं वजन मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आणि आपला ‘वतन’ मुळात अरबी. अरबीत त्याचा अर्थ मायभूमी. इस्रायली वसाहतीला अरबीत जे ‘मुस्तौतना’ म्हणतात ते याच ‘वतन’च्या धातूवरून. हिब्रू शब्दाच्या मुळाशी वारसा आणि अरबी शब्दाच्या मुळाशी मायभूमी, आणि दोन्ही अर्थ सामावणारा शब्द मराठीत शेकडो वर्षं वापरात आहे. मला तरी याहून चांगलं स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

यातली पहिली वसाहत म्हणतात ती क्फार एत्सियोन. तीच आधी १९४८ पूर्वीचं ज्यू गाव होती. १३ मे १९४८ ला ते पडलं, तिथले बहुतेक लढवय्ये मारले गेले. सप्टेंबर १९६७ मध्ये त्या गावाची मुलं मोठी होऊन परतली आणि त्यांनी पुन्हा घरं बांधली. त्यांना ‘वसाहतकार’ म्हटलं तर ते दुखावतात. पण त्यानंतर जे झालं ते परतणं नव्हतं. आज पूर्व जेरुसलेम वगळून या मुलखात पाच लाखांच्या आसपास इस्रायली राहतात, आणि त्यातले फार थोडे कुठल्या हरवलेल्या गावाचे. १९४८ मध्ये घर सुटलेले सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आणि त्यांची मुलंनातवंडं मात्र परतू शकलेली नाहीत. पुढच्या वर्षांत अरब देशांतून लाखो ज्यूही घरंदारं सोडून आले, हेही त्याच हिशोबात धरायला हवं.

कायद्याची बाजू थोडक्यात: व्यापलेल्या प्रदेशात आपले नागरिक नेऊन वसवू नयेत असं १९४९ चा चौथा जिनिव्हा करार सांगतो. इस्रायलचं उत्तर असं, की जॉर्डनने तो जोडून घेणं ग्राह्य नव्हतं, म्हणजे हा मुलूख कुठल्याच मान्यताप्राप्त राज्याचा नव्हता, त्यामुळे तो ‘व्याप्त’ नसून ‘वादग्रस्त’ आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ आणि २०२४ च्या सल्ला-मतांत ही भूमिका मानलेली नाही. म्हणून बातमीत माझं मत ‘व्याप्त’ला. पाकव्याप्त काश्मीरमुळे तो शब्द आपल्या कानाला सवयीचाही आहे. ‘वादग्रस्त’ लिहायचं असेल तर ‘इस्रायलच्या मते’ हे शब्द सोबत हवेत.

याच ओघात एक अडचण, फक्त भाषांतर करणाऱ्यांना भेडसावणारी. सुरक्षा परिषदेच्या २२ नोव्हेंबर १९६७ च्या २४२ व्या ठरावात इस्रायलने ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ माघार घ्यावी असं आहे. इंग्रजी मजकुरात ‘प्रदेश’च्या आधी ‘द’ नाही, त्यामुळे सगळ्या प्रदेशांतून माघार घेण्याचं बंधन नाही, असं इस्रायल म्हणतो. फ्रेंच मजकुरातून मात्र ‘त्या प्रदेशांतून’ असा अर्थ निघतो, आणि अरब देश त्यावर बोट ठेवतात. मराठीत ‘द’ नाहीच. इथे ‘सर्व’ किंवा ‘काही’ असा शब्द पदरचा घालू नका. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ एवढंच लिहा, मूळची संदिग्धता त्यात जशीच्या तशी राहते.

तर मूळ प्रश्नाला उत्तर: पहिल्यांदा लिहिताना ‘जॉर्डन नदीचा पश्चिम तीर’ लिहावं, पुढे नुसतं ‘पश्चिम तीर’. ‘तीर’ म्हटल्यावर मराठी माणूस समुद्राच्या आधी नदीच शोधतो. ‘वेस्ट बँक’ वापरायलाही हरकत नाही, पण नदी एकदा सांगितलेली असावी. ‘येहुदा-शोमरोन’ कुणाच्या तोंडचं असेल तर अवतरणात तसंच ठेवावं, कारण तो शब्द निवडणारा काहीतरी सांगत असतो.

आणि लेकीसाठी एक सुचवतो. घरात किंवा शाळेच्या ग्रंथालयात १९६७ च्या आधीचा नकाशासंग्रह मिळाला तर तिला तो दाखवा. अशा कित्येक नकाशांत जॉर्डन देशाचा रंग नदी ओलांडून पार जेरुसलेमपर्यंत गेलेला असतो. नदीवर बोट ठेवून तिला दोन्ही बाजू दाखवा: हा पूर्व तीर, हा पश्चिम.