सोलापूरहून दोघांनीच एखाद्या बेटावर वाइन-जेवणाचा निवांत वीकेंड घालवायचा तर कुठे जावं? आणि आपलं तिखट जेवण वाइनबरोबर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की लग्नाचा वाढदिवस आहे, दोघांनाच जायचंय, गर्दी नको, बेट हवं, वाइन हवी. आणि शेवटी असंही लिहिलंय, "सोलापुरी तिखटाबरोबर वाइन जमत नाही म्हणतात, म्हणजे तिकडचंच सपक खावं लागणार ना?" बेटाचं उत्तर थोडक्यात देतो, कारण खरं बोलायचंय ते या शेवटच्या वाक्यावर.

बेट म्हणाल तर गोव्यातलं दिवाड. मांडवी नदीतलं बेट आहे, समुद्रकिनारा नाही, हे आधीच बायकोला सांगून ठेवा. खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), खारफुटी, टेकडीवर पिएदादचं चर्च, जुनी पोर्तुगीज धाटणीची घरं, आणि त्यातल्या काही घरांत राहायची सोय. बस्स. निवांतपणा हवा असेल तर हेच हवं.

सोलापूर-विजापूर-बेळगाव-चोर्ला असा रस्ता धरा. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, पण चहा-जेवण आणि घाट धरून अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे नुसत्या शनिवार-रविवारात हे बसत नाही. शुक्रवारची रजा टाका. पहाटे पाचला निघा म्हणजे चोर्ला उजेडात उतराल. पावसाळ्यात तिथे धुकं इतकं दाट असतं की रात्री तो घाट करूच नये. घाट उतरल्यावर बहुतेक सोलापूरकर सवयीने पणजीला जातात आणि तिथून जुने गोवे किंवा रायबंदरच्या फेरीबोटीने दिवाडला येतात. उगाच वळसा. साखळी, डिचोली करून नार्व्याला या. तिथूनही फेरीबोट थेट दिवाडला जाते, गाडीसकट. नार्व्यालाच सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. मूळ देऊळ दिवाडवर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. फेरी पकडायच्या आधी अर्धा तास काढाच. फेरीवर गाडी चढवली की हँडब्रेक लावा आणि गिअरमध्ये ठेवा. रात्रीची शेवटची फेरी कधी, हे धक्क्यावरच विचारून घ्या आणि त्यावर विसंबून पलीकडे जेवायला जाऊ नका.

आता वाइन.

माझ्या भाच्याला आणि सूनबाईला डिसेंबरात हाच बेत आखून दिला होता. राहायची जागा, रस्ता, सगळं माझं. वाइन मात्र दाजींनी, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी सांगितली. दाजींचा नियम एकच: मटणाला रेड, माशाला व्हाइट. पोरांनी इथून काळं तिखट नेलं होतं आणि घरमालकिणीला विचारून तिच्या स्वयंपाकघरात आपल्या पद्धतीचं मटण केलं. बरोबर दाजींच्या सांगण्यावरून लाकडी पिंपात मुरवलेली, १४ टक्के अल्कोहोलची जाड रेड, कॅबर्ने सोव्हिन्यॉ. खोलीतल्या टेबलावर दिवसभर उभी ठेवलेली, म्हणजे अठ्ठावीस अंशांची कोमट. नऊ वाजता भाच्याचा फोन: "मामा, तोंड पेटलंय, आणि वाइन कडूजहर लागतेय. बाटली खराब आहे का?"

बाटलीत काही खोट नव्हती, जोडी चुकली होती. मिरचीतला कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांवर आग लावतो, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे अल्कोहोल जितकं जास्त, तितका तोच रस्सा जास्त तिखट लागतो. त्यात रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षातला तुरट अंश. त्याने लाळ आटते, जीभ खरखरीत होते, आणि लाळ आटल्यावर तिखट जास्तच झोंबतं. मुरवलेल्या वाइनमधला लाकडाचा कडवटपणा वर येतो, फळाची चव मागे पडते. आणि वाइन कोमट असेल तर अल्कोहोल थेट नाकात जातं. चारही गोष्टी एकाच ग्लासात जमल्या होत्या.

फोनवर एवढंच सांगितलं: रेडला बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी साध्या भाजलेल्या चिकनबरोबर प्या. स्टीलच्या बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ टाका आणि रोझेची, म्हणजे गुलाबी वाइनची, बाटली मानेपर्यंत त्यात बुडवा. पाणी हवंच. नुसत्या बर्फाच्या खड्यांत मध्ये हवा राहते आणि बाटली गार व्हायला तास जातो; पाणी-मिठात वीस मिनिटांत काम होतं. तोवर ताटात दही आणि उकडलेला बटाटा घ्या. वीस मिनिटांनी त्याच मटणाबरोबर ती रोझे दोघांनी संपवली.

दाजी आजही म्हणतात, "तिखट कमी टाकायला हवं होतं, वाइन बरोबरच होती." मला हे अजिबात मान्य नाही. मटणाला रेड हा नियम ज्या स्वयंपाकघरांत जन्मला, तिथे मटणात मीठ, मिरी आणि फार तर रोजमेरी असते. आपल्या ताटात मटण हा फक्त आधार आहे, चव मसाल्याची आहे. म्हणून वाइन मसाल्याशी जुळवायची, मांसाशी नाही.

मग सोलापुरी ताटाला काय? शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन. आपल्याकडच्या शेनिनमध्ये बहुधा किंचित गोडी ठेवलेली असते, आणि तीच गोडी तिखटाची धार मोडते. लेबलवर अल्कोहोल १२.५ टक्क्यांच्या वर नको. पिताना आठ ते दहा अंशांवर असावी. मटणाला किंवा शिक कबाबला रोझे, तितकीच गार. रेडच हवी असेल तर हलकी, न मुरवलेली घ्या आणि तीसुद्धा बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. "रेड रूम टेंपरेचरला" हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. सोलापुरात मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे चाळीस.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी नक्की न्या. चटणीतलं तेल जिभेवर साय धरतं आणि स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडे आणि आंबटपणा ती साय धुऊन काढतात. संध्याकाळी चटणी, भाकरीचे तुकडे आणि सहा-आठ अंशांवरची ब्रूट (गोडी नसलेली) स्पार्कलिंग, याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. वाइनबरोबरची चटणी वेगळी करा: पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, एक चमचा जिरं, मीठ, आणि तिखट नेहमीच्या निम्मं. उखळात तेल सुटेपर्यंत कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला की लगदा होतो. प्रवासाला न्यायची तर लसूण तव्यावर कोरडा परतून घ्या. कच्च्या लसणाला दमट हवेत लवकर वास लागतो. भाकरी मंगळवेढ्याच्या ज्वारीची, कागदासारखी पातळ. गोव्याच्या हवेत ती एका रात्रीत सादळते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात न्या आणि खायच्या आधी तव्यावर मिनिटभर शेकून घ्या.

तिकडचं जेवण सपक असतं हे कुणी सांगितलं तुम्हाला? रेशाद बांगडा, म्हणजे लाल मिरचीच्या मसाल्यातला, खाऊन बघा. फक्त त्यात व्हिनेगर असतं, आणि जेवणापेक्षा वाइन कमी आंबट असली तर ती पाणचट लागते. म्हणून तिथे शेनिन नको, सोव्हिन्यॉ ब्लाँ ही जास्त आंबट व्हाइट घ्या. चोरिसो-पावाला (तिथल्या तिखट सॉसेजला) पुन्हा रोझे. बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाबरोबर तिथली गोड पोर्ट वाइन चालते, जेवणाबरोबर नाही. बेटावर हॉटेलांची रांग नाही, त्यामुळे रात्री काय हवं ते घरमालकिणीला सकाळीच सांगा.

खरेदीचं: ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. दोन संध्याकाळींसाठी दोघांना दोन बाटल्या पुरतात, तिसरी हौसेची. गावातल्या छोट्या दुकानांत फेणी-बिअर भरपूर, वाइन मोजकी आणि उन्हात उभी. सामान टाकून रायबंदरच्या फेरीने पणजीला जा. बाटलीचं बूच वर आलेलं किंवा मान चिकट असेल तर घेऊ नका, ती उष्णतेने फुगलेली आहे. व्हाइट आणि रोझे गेल्या वर्षी-दोन वर्षांतली बघा, आपल्या व्हाइट ठेवून सुधारत नाहीत. घेतलेल्या बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला बसू नका. बंद डिकीत तासाभरात वाइन शिजते. उघडलेली व्हाइट किंवा रेड फ्रिजमध्ये तीन दिवस राहते, स्पार्कलिंग त्याच रात्री संपवा.

आणि हो, इथून बाटल्या नेऊ नका, तिकडून आणूही नका. स्वस्त म्हणून दोन-चार टाकल्या डिकीत, हे महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली गुन्हा ठरतं, शिवाय वाटेत कर्नाटकची हद्द आहे. वाइनसाठी वय गोव्यातही एकवीस. ज्याने एक ग्लास घेतला त्याने फेरीवर गाडी चढवायची नाही. गोळ्या चालू असतील, विशेषतः झोपेच्या किंवा साखरेच्या, तर आधी डॉक्टरांना विचारा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडला बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव असतो, गर्दी होते. तुम्हाला निवांतपणा हवाय, तर तो आठवडा टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दाजींचं दुसरं पालुपद म्हणजे "वाइन हे आपल्याकडचं नाहीच, ते नाशिकचं." आपल्याच जिल्ह्यात, अकलूज भागात, फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे आणि वाइनरी आहे. मोहिते-पाटील बंधू, इटलीचे सेच्ची बंधू आणि सेख्री बंधू यांनी मिळून काढलेली. सांजोव्हेसे नावाचं इटालियन द्राक्ष माळशिरस तालुक्यात पिकतं. नान्नजच्या खायच्या द्राक्षांशी त्याची गल्लत करू नका. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं असतं, कारण रंग सालीत असतो, आणि टॅनिन सालीत आणि बियांत. पणजीच्या दुकानात अकलूजची बाटली मागा, मिळते. आणि रजा मिळालीच नाही, तर बेटाचा हट्ट सोडून पंढरपूरमार्गे अकलूजलाच जा. जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी चालू असते. आधी फोन करून वाइनरी बघायची वेळ ठरवा, नुसतं दारात जाऊन उभं राहिलात तर आत घेतीलच असं नाही.