युरिया सेंद्रिय की असेंद्रिय?

प्रश्न असा आहे की युरियात कार्बन आहे म्हणजे शाळेच्या पुस्तकाप्रमाणे ते सेंद्रिय संयुग झालं, मग सेंद्रिय शेतीत युरिया का चालत नाही? आणि असेंद्रिय बरोबर का निरिंद्रिय?

मुळात स + इंद्रिय = सेंद्रिय, इंद्रियं असलेलं म्हणजे सजीव. शब्द खूप जुना आहे, चरकसंहितेत सरळच म्हटलंय, ‘सेन्द्रियं चेतनं द्रव्यं निरिन्द्रियमचेतनम्’. ऑरगॅनिक पण ऑर्गन म्हणजे अवयव यावरूनच आलाय, त्यामुळे ही जोडी फार सुंदर जुळली. पूर्वी युरोपात समज होता की सजीवांच्या शरीरातले पदार्थ बाहेर बनूच शकत नाहीत, त्याला जीवनशक्ती लागते, पण १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, तोच लघवीतला युरिया आणि मूत्रपिंडाशिवाय! पुढे हळूहळू व्याख्या सजीवावरून कार्बनवर सरकली (कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेट वगैरे तरी असेंद्रियातच राहिले).

शेतीत मात्र शब्द जुन्या अर्थाजवळच थांबला. तिथे पदार्थ आला कुठून आणि बनला कसा हे बघतात, म्हणून कारखान्यात अमोनियापासून केलेला ४६ टक्के नत्राचा युरिया बाद आणि शेणखत चालतं. उलट गंधक किंवा मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) केमिस्ट्रीत पक्कं असेंद्रिय, तरी सेंद्रिय शेतीत मर्यादेत वापरू देतात. माती परीक्षणातला ‘सेंद्रिय कर्ब’ पण असाच, तो कुजलेल्या पालापाचोळ्यातला, चुनखडीतला कार्बन त्यात धरत नाहीत.

आणि प्लीज, सेंद्रिय शेतीला जैविक शेती म्हणू नका, ते हिंदीतून आलंय. मराठीत जैविक खत म्हणजे रायझोबियम, अझोटोबॅक्टर अशी जिवाणूंची खतं आणि शेणखत, गांडूळखत ही सेंद्रिय, इतका चांगला फरक आपल्याकडे आहे तो का घालवायचा?

आता असेंद्रिय-निरिंद्रिय. चूक कुठलाच नाही, पुस्तकात असेंद्रिय रुळलाय. मला स्वतःला निरिंद्रिय जास्त आवडतो कारण ‘स’च्या समोर आपण ‘निर्’ लावतो, सगुण-निर्गुण, साकार-निराकार, असगुण कोणी म्हणत नाही. पण पेपरात मुलांनी पुस्तकातलाच लिहावा, तिथे उगाच मार्क जायला नकोत.