तलावाकाठची जुनी सेप्टिक टाकी आणि नवे नियम

प्रश्न : महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या वरच्या उतारावर आमचे वडिलोपार्जित घर असून त्याची सेप्टिक टाकी १९९२ मध्ये मंजूर नकाशानुसार बांधलेली आहे. नव्या क्षेत्रनियमांमुळे ती बेकायदा ठरली आहे, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, त्यापूर्वी रीतसर परवानगीने झालेले बांधकाम केवळ नियम बदलले म्हणून सहसा बेकायदा ठरत नाही, त्यामुळे मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या हाताशी ठेवाव्यात. मात्र हे संरक्षण बांधकामाला आहे, गळतीला नाही. दूषित पाणी जाणूनबुजून तलावात वा विहिरीत जाऊ देण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ ने मनाई केलेली आहे, आणि तेथे टाकीचे वय विचारले जात नाही. शेजाऱ्यांची तक्रार म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये: तिथला जांभा सच्छिद्र असल्याने मुसळधार पावसात शोषखड्ड्यातले पाणी पुरेसे गाळले जाण्यापूर्वीच उताराने खाली उतरू शकते. टाकी यंत्राने उपसून (माणूस आत मुळीच उतरवू नये) गळतीची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यावी आणि त्याचा लेखी अहवाल घ्यावा. नोटीस आल्यास मुदतीत उत्तर देताना तोच सर्वांत उपयोगी पडेल. घराचे लॉज करण्याचा विचार असल्यास जुन्या परवानगीवर विसंबू नये.